स्कूटी, सायकल आणि ग्राउंडसाठी एकच गॉगल: नागपूरच्या उन्हात वापरून

मार्चमध्ये घेतलेला हा गॉगल, आता ऑक्टोबर हीटही होऊन गेली, म्हणजे नागपूरचं जे काही ऊन असतं ते सगळं याने पाहिलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. एका मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानाचा स्वतःचा माल आहे, मॅट काळी नायलॉनची फुल फ्रेम, पॉलीकार्बोनेटची ब्राऊन काच, कॅटेगरी ३, पोलराइज्ड नाही (या दोन्हींचा अर्थ पुढे सांगते), नाकाला आणि दांडीच्या टोकाला रबर. हजार ते दीड हजारच्या मधे पडला. मॉडेलचं नाव देत नाही कारण ही मॉडेल्स सीझननुसार बदलत राहतात, तुम्ही जाल तेव्हा रॅकवर दुसरंच काही लटकलेलं असेल, त्यामुळे मी काय बघून घेतला आणि तो इथे कसा चालला ते सांगते, त्यावरून तुम्ही कुठल्याही दुकानात निवडू शकाल.

माझी गरज आधी सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. रोज मनीषनगरहून सिव्हिल लाइन्सला स्कूटीने जाणं-येणं, शनिवार-रविवार पहाटे सायकल, म्हणजे फुटाळा, सेमिनरी हिल्स, कधी गोरेवाड्याकडे, आणि मुलाच्या क्रिकेटच्या मॅचेस असतात तेव्हा बाउंड्रीला भर उन्हात बसणं, मधूनमधून त्याला बॅटिंगच्या सरावासाठी हाताने चेंडू टाकून देणं (थ्रोडाउन). या सगळ्याला तीन वेगळे गॉगल कोण सांभाळणार? एकच पाहिजे होता, जो ऑफिसच्या कुर्त्यावरही विचित्र दिसणार नाही आणि सायकलवर घामाने घसरणारही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. आपल्याकडे लोक गॉगल घेताना काच किती काळी आहे ते बघतात. दुकानात घालायचा, आरशात बघायचं, मग बाहेर येऊन सूर्याकडे बघून "हां, मस्त थंड वाटून राहिलं" म्हणायचं आणि घ्यायचा. पण काळेपणा आणि युव्ही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बाप्पा. काळी काच दिसणारा प्रकाश कमी करते. युव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किरण, ते दिसतच नाहीत, ते अडले की नाही हे डोळ्याला कळूच शकत नाही. उलट अंधार झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काचेत युव्हीची सोय नसेल तर त्या मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते आत जास्त जातं. म्हणून फूटपाथवरचा दीडशे-दोनशेचा काळाकुट्ट गॉगल, ज्यावर काय लावलंय याचा काही पत्ता नाही, तो रोज दुपारी घालून फिरणं मला तरी पटत नाही. युव्ही ४०० असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवतो, आणि युव्हीची हद्द तिथपर्यंतच आहे. पॉलीकार्बोनेट हे मटेरियल मुळातच जवळपास सगळं युव्ही अडवतं, त्यामुळे काच खरी पॉलीकार्बोनेटची असेल तर निम्मी काळजी तिथेच मिटते. बाजूने चेंडू किंवा गिट्टीचा खडा आला तर सहजासहजी फुटत नाही हा वरचा फायदा, खेळायला म्हणून घेत असाल तर काचेची काच घेऊच नका.

आणि अजून एक, ऊन तापणं म्हणजे युव्ही नाही. नागपुरात पारा सगळ्यात वर दुपारी तीन-चारला जातो, पण युव्ही सगळ्यात जास्त असतं सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे आपल्याकडे सव्वाबाराच्या आसपास. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर सूर्य नागपूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच असतो आणि नवतपाही, म्हणजे ते नऊ कडक उन्हाचे दिवसही, तेव्हाच लागलेला असतो. २०१३च्या मे महिन्यात ४७.९ डिग्री झालं होतं ते सगळ्यांना आठवतं, पण डोळ्यांसाठी बघाल तर साडेअकरा-बाराला "अजून तेवढं तापलं नाही" म्हणून गॉगल न घालता निघणं जास्त वाईट. ढग असले तरी बऱ्यापैकी युव्ही येतंच, जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात टाकून देऊ नका.

कॅटेगरीचं सांगते, कारण दुकानात कोणी सांगत नाही. दांडीच्या आतल्या बाजूला किंवा टॅगवर ० ते ४ आकडा असतो. ३ म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो, भर उन्हाला हाच पाहिजे. २ मध्ये १८ ते ४३ टक्के, हलक्या उन्हाला बरा. ४ फार गडद, ३ ते ८ टक्केच, तो बर्फाळ डोंगरावर जाणाऱ्यांसाठी आहे आणि तो घालून गाडी चालवायची नसते. आपलं ऊन बघून काही जण ४ मागतात, नका मागू. अलंकार टॉकीज चौकातून निघून एकदम झाडाच्या सावलीत किंवा पुलाखाली शिरलात तर समोरचा खड्डा दिसणार नाही.

आता फिटिंग, इथे मी दुकानात सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सोबत आलेली जाऊबाई कंटाळून बाहेर जाऊन बसली. मी घरून दुपट्टा आणि हेल्मेट दोन्ही घेऊन गेले होते. ज्यांना नागपुरात स्कूटी चालवायची आहे त्यांना हे सांगायची गरज नाही, आपण एप्रिलपासून तोंड बांधूनच बाहेर पडतो. तर पूर्ण तोंड बांधलं, वरून हेल्मेट घातलं, आणि मग एक एक गॉगल घालून पाहिला. दुकानातला पोरगा आधी बघत राहिला, मग स्वतःच आणून द्यायला लागला, "ताई, ये वाला देखो, इसकी डंडी पतली है." बरोबर बोलला तो. जाड दांड्यांचे जे फॅशनचे गॉगल असतात ते हेल्मेटच्या पॅडखाली कानाच्या वर दाबतात, आणि वर्धा रोडवर अजनीपर्यंत पोहोचेस्तोवर तिथे ठणका लागतो. दांडी चपटी, बारीक आणि जवळपास सरळ पाहिजे, म्हणजे हेल्मेट घातल्यावरही ती बाजूच्या फटीतून आत सरकवता येते. कानामागे फार वळलेली दांडी हेल्मेटमध्ये अडकते, प्रत्येक सिग्नलला काढ-घाल करणाऱ्यांना त्याचा वैताग येतो.

दुपट्ट्याची दुसरी भानगड म्हणजे वाफ. नाकावरून कापड घेतलं की श्वास वर जातो आणि काच धुरकट होते. काच गालाला अगदी चिकटून असेल तर ती वाफ निघायला जागाच नाही. म्हणून घालून पाहताना मोठ्याने हसून बघा, खरंच सांगते, हसल्यावर गाल वर येतात आणि फ्रेमला लागले तर तो गॉगल सोडा. गाल लागला की घाम काचेच्या खालच्या कडेला लागतो, मग तिथे मिठाचा पांढरा डाग पडतो आणि पुसून पुसून काच खराब होते. माझ्या गॉगलला नाकाजवळ आणि वर भुवईपाशी बारीकशी फट आहे, गाडी हलली की हवा खेळते आणि वाफ जाते. सिग्नलला उभं असताना थोडी येते, हे खरं आहे, पूर्ण बंद होत नाही.

पण फट म्हणजे किती, हेही बघावं लागतं. आरशात समोरून सगळेच गॉगल छान दिसतात, कोणाला तरी बाजूने आणि वरून बघायला सांगा. कानशिलाच्या बाजूने बोटभर जागा दिसत असेल तर ऊन तिथून शिरतं, शिवाय मागून आलेलं ऊन काचेच्या आतल्या बाजूवर पडून डोळ्यात परततं. नागपुरात आता जिकडेतिकडे पांढरे सिमेंट रोड झाले आहेत, ते खालून आणि बाजूने चमकतात, आणि धूळ तर विचारूच नका. छोट्या गोल फ्रेमा फोटोत गोड दिसतात पण त्या उन्हासाठी नाहीत. मला हलका वळण असलेला पाहिजे होता, पूर्ण सायकलवाल्यांचा तो डोक्याला गुंडाळलेला असतो तसा नको, कारण तो ऑफिसला चालत नाही. दांडीच्या आत आकडे असतात, समजा ५८-१७-१४० लिहिलंय, तर पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरचं अंतर, तिसरा दांडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. आपल्याला नीट बसलेल्या जुन्या चष्म्याचे आकडे बघून गेलं तर निवडायला निम्मा वेळ लागतो. ज्यांचं नाक बसकं आहे त्यांनी हलवता येणारे सिलिकॉनचे पॅड असलेली फ्रेम बघावी, एकसंध प्लॅस्टिकचा पूल असेल तर तो घसरतच राहतो, कितीही भारी कंपनीचा असो.

रबराबद्दल कंपन्या काय काय नावं देतात, पण त्यात एक चांगलं रबर असतं जे ओलं झाल्यावर जास्त पकडतं. माझ्या गॉगलला तसं आहे. मे महिन्यात सेमिनरी हिल्सचा चढ चढताना कपाळावरून घाम धारेने येतो, तेव्हाही हा नाकावरून हलला नाही, मी मान खाली घालून चढत होते तरी नाही. याला मी पूर्ण मार्क देईन.

आता पोलराइज्ड. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ज्या ज्या चष्म्याच्या दुकानात गेले तिथे पहिला शब्द हाच. ते एक कार्ड दाखवतात, नुसत्या डोळ्याने कोरं दिसतं, गॉगल लावला की त्यात मासा नाहीतर गाडी दिसते, आणि आपण लगेच भुलतो. त्या कार्डने एवढंच सिद्ध होतं की काच पोलराइज्ड आहे. युव्ही किती अडतं हे त्यातून अजिबात कळत नाही, त्यासाठी दुकानात युव्ही मोजायचं छोटं मशीन असतं का विचारा, बऱ्याच चांगल्या दुकानांत असतं, आणि तुमचा घरचा जुना गॉगलही तपासून देतात. पोलराइज्ड काच आडव्या गुळगुळीत पृष्ठभागावरून येणारी चकाकी कापते, म्हणजे पाणी, ओला डांबरी रस्ता, समोरच्या कारचं बोनेट, मागची काच. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी पोलराइज्ड लावून बघा, पाण्यावरची ती डोळे दिपवणारी झळ गायब होते, फार सुंदर दिसतं. पण कोरड्या सिमेंट रोडची चमक वेगळी आहे, तो खरबरीत आणि पांढरा, प्रकाश सगळीकडे उधळतो, तिथे पोलराइज्डचा फारसा फरक पडत नाही, तिथे काचेचा गडदपणाच कामाला येतो. म्हणून मी साधी काच घेतली. शिवाय पोलराइज्डमधून मोबाईलची स्क्रीन एका कोनात काळी होते, सायकलच्या हँडलवर मॅप लावणाऱ्याला, डिलिव्हरीवाल्या पोरांना, ज्यांना दर पाच मिनिटाला फोन बघावा लागतो, त्यांना याचा त्रास होतो. माझ्या नवऱ्याचं उलट आहे, तो समृद्धी महामार्गावरून कारने जा-ये करतो, तासन्‌तास समोर बोनेटची चकाकी आणि डॅशबोर्डचं काचेत पडलेलं प्रतिबिंब, त्याला मी पोलराइज्डच घ्यायला लावला आणि तो खूश आहे. एखादा गॉगल खरंच पोलराइज्ड आहे का हे बघायचं असेल तर तुमचा फोन समोर धरून गॉगल हळूहळू नव्वद अंशात फिरवा, बहुतेक फोनवर कुठेतरी स्क्रीन काळी पडते, नाही पडली तर दुकानदाराला विचारा.

उन्हात आपोआप काळा होणारा, फोटोक्रोमिक, तोही मोहात पाडतो. सायकलवाल्यांना तो खरंच कामाचा आहे कारण पहाटे साडेपाचला निघतो तेव्हा अंधार आणि परत येताना कडक ऊन. पण एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत, ती काच उष्णतेत कमी गडद होते. थंडीत छान काळी होते आणि मेमध्ये, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हा तेवढी होत नाही. नागपूरसाठी एकच गॉगल घ्यायचा असेल तर मी हा घेणार नाही. शिवाय ती काच युव्हीने चालू होते आणि कारची समोरची काच बरंचसं युव्ही अडवते, म्हणून कारमध्ये ती नीट काळी होतच नाही. डिसेंबर-जानेवारीत गोरेवाड्याला धुक्यात सायकल चालवणाऱ्याने दुसरा गॉगल म्हणून जरूर घ्यावा.

रंगाचं मी ब्राऊनवर आले. राखाडी काचेत रंग जसेच्या तसे दिसतात, डोळ्याला शांत वाटतं, रोजच्याला तीही उत्तम. ब्राऊनमध्ये उठाव जास्त मिळतो, रस्त्यावरचे खड्डे, स्पीडब्रेकर, सांडलेली वाळू लवकर कळते, हिरव्या ग्राउंडवर लाल चेंडूही चांगला उठून दिसतो. मुलाने ग्राउंडवर माझा घालून पाहिला, उंच कॅच घेताना ब्राऊन आवडला म्हणाला, फक्त त्याच्या चेहऱ्याला मोठा होतो. निळ्या-लाल आरशाच्या कोटिंगला मी हात लावला नाही, त्यावर ओरखडे पटकन दिसतात.

काचेचा दर्जा बघायची एक साधी युक्ती. गॉगल हात लांब करून धरा, त्यातून दरवाजाची चौकट किंवा फरशीची सरळ रेघ बघा आणि गॉगल हळूच डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. रेघ सरळ राहिली तर काच चांगली, मधेच लाटेसारखी हलली, वाकली तर ठेवून द्या, असल्या काचेने डोकं दुखतं. मी हजाराच्या आतले कितीतरी असेच बाजूला केले, आणि एक बराच महागही.

आता तक्रारी. सोबत मिळालेली कापडी पिशवी काही कामाची नाही, पर्समध्ये चाव्यांसोबत टाकला की संपलं, मी वेगळी कडक केस घेतली. सेमिनरी हिल्सच्या दाट झाडीत कॅटेगरी ३ गडद वाटते, तिथे मी काढून टी-शर्टला अडकवते. पहाटे उजाडायच्या आधी तर घालायचाच नाही. आणि काचा बदलून मिळत नाहीत, ओरखडा आला की गॉगल गेला, ही गोष्ट मला मनापासून खटकते, या किमतीत काच बदलायची सोय कंपनीने द्यायला पाहिजे होती.

पॉलीकार्बोनेट मजबूत आहे पण त्याला ओरखडे सहज पडतात, म्हणून पुसायचं कसं हे महत्त्वाचं आहे. धुळीने भरलेली काच दुपट्ट्याच्या टोकाने कोरडी पुसायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, ती धूळ सिमेंट-वाळूची असते आणि पॉलिश पेपरचं काम करते. घरी आल्यावर नळाखाली धरायचा, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने लावायचा, धुवायचा आणि मऊ मायक्रोफायबरने टिपायचा. गरम पाणी नको. आणि मेमध्ये स्कूटीच्या डिकीत किंवा कारच्या डॅशबोर्डवर अजिबात ठेवू नका, ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या गॉगलच्या काचेवर असंच कोटिंगला जाळं पडलं आणि फ्रेमही एका बाजूला वाकली.

ज्यांना नंबर आहे त्यांच्यासाठी थोडं. जाऊबाईला मायनसचा बराच नंबर आहे, तिला माझ्यासारखाच पाहिजे होता, पण जास्त वळणाच्या फ्रेममध्ये नंबरची काच बसवली की कडेने वाकडंतिकडं दिसतं. चष्म्याच्या दुकानातल्या काकांनी तिला सरळच सांगितलं, "तुम्ही कमी वळणाची फ्रेम घ्या, मी त्यात ब्राऊन नंबरची काच बसवून देतो." तसंच केलं, पॉलीकार्बोनेटमध्ये, खर्च माझ्या दुपटीहून जास्त आला पण ती आता दुपारी निवांत गाडी चालवते. चष्म्यावर लावायची क्लिप स्वस्त पडते, खेळताना मात्र ती उडते.

मुलांसाठी लोक खेळण्यातला गॉगल घेतात, ते बंद करा. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग स्वच्छ असतं, युव्ही मोठ्यांपेक्षा जास्त आत जातं, आणि उन्हात तीच तर सगळ्यात जास्त असतात, उन्हाळी कॅम्प काय, ग्राउंड काय. उन्हा-धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या डोळ्यात बुबुळाकडे सरकणारा तो पांढरट पडदा, ज्याला वेल वाढली म्हणतात, तो आपल्या शेतकरी नातेवाइकांत कोणी ना कोणी पाहिलेला असतो, त्याच्या मागे ऊनच असतं बरंचसं, आणि मोतीबिंदूलाही युव्ही हातभार लावतं. वडील काटोलला शेतावर असतात, डोक्याला शेला बांधतील पण डोळ्याला काही नाही. त्यांना मी याच दुकानातला साधा कॅटेगरी ३चा घेऊन दिला, पाचशेच्या आतला, "मले कायले गॉगल" म्हणत होते, आता संत्र्याच्या बागेत घालून जातात. फक्त फवारणीसाठी तो चालत नाही, त्याला सगळीकडून बंद असलेला सेफ्टी गॉगल लागतो, तो वेगळा आणा.

मापाचं शेवटचं सांगते, माझा मध्यम साइजचा आहे, बारीक चेहऱ्याच्या मुलींना सैल होईल. तेव्हा मागे बांधायची लवचिक पट्टी घ्या, स्पोर्ट्सच्या दुकानात शंभर-दीडशेत मिळते, दोन्ही दांड्यांच्या टोकाला अडकवायची, गॉगल गळ्यात लटकतो आणि खेळताना पडत नाही. ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची सोय आहे का बघा, आणि घरी आल्यावर टॅग काढायच्या आधी हेल्मेट, दुपट्टा, टोपी, जे काही तुम्ही रोज घालता ते सगळं घालून बघा.